हल्लीच्या प्रेमकथा आणि अद्भुतकथा : एका वाचकाचे मत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



आजच्या भाषणासाठी चिटणीसबाईंनी मला जो विषय दिला, तो ऐकून आपल्यापैकी काहीजणींना हसू आले असेल. वर्धापनदिनाला आरोग्य, बचत, मुलांचे संगोपन असा काही भारदस्त विषय असावा, असा आपला प्रघात. परंतु आपल्या घरांतल्या मुली आणि सुना गेली काही वर्षे जे वाचत आहेत, ते हेच आहे. पाच-सहाशे पानांची इंग्रजी पुस्तके, मुखपृष्ठावर कुठे ड्रॅगन, कुठे मुकुट, कुठे काट्यांची वेल. प्रेमकथा आणि अद्भुतकथा यांच्या या मिश्रणाला इंग्रजीत 'रोमँटसी' असे नावही पडले आहे. आपल्या वाचनालयाने असली पुस्तके घ्यावीत की नाही, हा प्रश्न खरेदी-समितीपुढे आहे. तो पुस्तके न वाचताच निकालात निघू नये, म्हणून मी त्यांतल्या काही कादंबऱ्या मुद्दाम वाचल्या. मी टीकाकार नव्हे. घरचे आवरून दुपारी पुस्तक हातात घेणारी साधी वाचक आहे. त्या नात्याने चार शब्द बोलते.

आधी एवढे सांगते की, हे काही नवे खूळ नव्हे. बाबा पदमनजींनी १८५७ साली विधवांच्या दुःखावर 'यमुनापर्यटन' लिहिले खरे. परंतु त्यानंतर मराठीत बराच काळ चलती राहिली ती लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) यांसारख्या कादंबऱ्यांची. रूपवती राजकन्या, शूर राजपुत्र, अरण्ये, संकटे आणि शेवटी मीलन! पुढे नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने आपल्या आज्या-पणज्यांना जागवले, आणि फडक्यांच्या कादंबऱ्या तर कित्येक घरांत उशीखाली ठेवून वाचल्या गेल्या. श्रावणातल्या कहाण्याही आपण पाटावर बसून ऐकल्याच आहेत. तेव्हा आटपाट नगरात वाढलेल्या बायकांनी नातीच्या हातातल्या ड्रॅगनला नाके मुरडावीत, हे काही बरे नव्हे.

परंतु जुने आहे एवढ्यावरून एखादी गोष्ट चांगली ठरत नाही. असली पुस्तके वाचताना मी स्वतःशी तीन प्रश्न ठरवून घेतले होते. पहिला : या गोष्टीतल्या चमत्काराचे मोल कोणाला द्यावे लागते? आपल्या कहाण्यांत वसा घेतला की उतू नये, मातू नये, अशी अट असते. फुकटचा चमत्कार हा पोरखेळ. दुसरा : नायिकेला प्रेमाखेरीज काही काम आहे काय? प्रेमात पडण्यापूर्वी ती जे करीत होती, ते नंतर करते, की सगळे सोडून त्याच्या तोंडाकडे पाहत बसते? आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा : नायक नायिकेशी अन्यायाने वागला, तर लेखिका त्याला अन्याय म्हणते, की प्रेम म्हणते?

ज्या पुस्तकावरून सर्वांत अधिक वाद होतो, त्यापासूनच सुरुवात करते. सारा जे. मास या अमेरिकन लेखिकेची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही कादंबरी २०१५ साली निघाली आणि पुढे तिचे अनेक भाग झाले. फेयरा ही एकोणीस वर्षांची मुलगी. बापाचे वैभव बुडालेले, तो हातपाय गाळून बसलेला. दोन थोरल्या बहिणी आहेत, पण धाकटी रानात शिकार करून आणते तेव्हा चूल पेटते. एके दिवशी ती एक लांडगा मारते. तो परीलोकातला निघतो, आणि त्या जिवाच्या बदल्यात तिला टॅमलिन या परीलोकीच्या सरदाराच्या वाड्यात जाऊन राहावे लागते. 'ब्यूटी अँड द बीस्ट' या जुन्या युरोपीय गोष्टीचा हा नवा अवतार.

या पुस्तकात एक गोष्ट मला फार आवडली, आणि तिच्याविषयी कोणी बोलताना आढळत नाही. फेयराला नीट वाचता येत नाही. दुष्ट राणी तिच्या तीन परीक्षा घेते. दुसरीत भिंतीवर प्रश्न लिहिलेला असतो आणि योग्य कळ दाबली नाही तर मरण. राक्षसी किड्याला भुईत लोळवणारी ही मुलगी चार ओळींच्या अक्षरांपुढे हतबल होते. पुढच्या भागात ती अक्षरे गिरवायला बसते. साक्षरतेच्या वर्गात ज्यांनी मोठ्या बायकांचे हात धरून अक्षरे गिरवून घेतली आहेत, त्या आपल्या जुन्या कार्यकर्त्यांना ही पाने जवळची वाटतील.

दुसरा भाग २०१६ साली आला. त्यात लेखिकेने मोठे धाडस केले आहे. पहिल्या भागात ज्याच्यासाठी फेयराने प्राण पणाला लावले, तोच टॅमलिन आता तिला घराबाहेर पडू देत नाही. बाहेर धोका आहे, तुझ्या काळजीपोटीच करतो, असे म्हणत तो एके दिवशी तिला वाड्यात कोंडून घालतो. आणि ती ते घर सोडते. लग्न ठरलेले असताना सोडते. प्रेमकथेतल्या नायिकेने पहिला नायक टाकून उठावे, आणि कारण काय, तर कोंडणे हे प्रेम नव्हे! लाखो तरुण मुलींनी हे वाचले आहे. हा या पुस्तकाचा मोठा गुण मी मानते.

परंतु येथेच माझा आक्षेपही आहे. तिचा दुसरा नायक रायसँड. पहिल्या भागात हाच रायसँड तिचा मोडलेला हात पिळतो आणि त्या वेदनेत तिच्याकडून करार करवून घेतो. रात्रीमागून रात्री तिला मादक पेय पाजून भर दरबारात नाचायला लावतो. पुढे आपल्याला सांगितले जाते की, हे सारे तिचा जीव वाचवण्यासाठी होते. नंतर तो तिला प्रत्येक गोष्टीत विचारतो, मोकळीक देतो, बरोबरीचा मान देतो, हे मी नाकारीत नाही. पण कारण कळले म्हणून कृत्य पुसले जाते काय? टॅमलिनने 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून कोंडले तर तो अन्याय, आणि रायसँडने 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून पाजले तर ते प्रेम, हा कुठला न्याय? 'तो असे वागतो ते माझ्यावर प्रेम आहे म्हणूनच' हे वाक्य मंडळाच्या कामात आपण कितीजणींच्या तोंडून ऐकले आहे! ते बोलणाऱ्या बाईचे डोळेही आपण पाहिले आहेत. म्हणून या जागी मी लेखिकेला सूट द्यायला तयार नाही. शिवाय प्रणयाची वर्णने फार मोकळी आहेत. पुस्तक सज्ञान वाचकांचे आहे, शाळकरी मुलींचे नव्हे, हे वाचनालयाने ध्यानात ठेवावे.

यानंतर रेबेका यारोस यांची 'फोर्थ विंग'. ही २०२३ साली आली. तिचा तिसरा भाग जानेवारी २०२५ मध्ये निघाला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात २७ लाख प्रती खपल्याची बातमी आली होती. व्हायोलेट ही नाजूक प्रकृतीची, ग्रंथालयात रमणारी मुलगी. तिचे सांधे सहज निखळतात, हाडे पटकन मोडतात. तिला ग्रंथपालांच्या शाखेत जायचे आहे, परंतु सेनापती असलेली आई तिला ड्रॅगनस्वारांच्या शाखेत घालते. तेथली प्रवेशपरीक्षा म्हणजे उंचावरच्या अरुंद दगडी कठड्यावरून चालत पलीकडे जाणे. पडला तो मेला. लेखिकेलाही सांधे सैल होण्याचा विकार आहे, असे तिने स्वतः सांगितले आहे. त्यामुळे दुखऱ्या शरीराने दिवस काढण्याची वर्णने ऐकीव वाटत नाहीत. संधिवाताने बेजार असलेल्या आपल्या भगिनींना ती पटतील.

मत विचाराल तर, पुस्तक वेगाने वाचून होते आणि तेवढ्याच वेगाने विसरले जाते. भाषा साधारण आहे. लोक फार स्वस्तात मरतात. कालच्या सोबत्यासाठी आज कोणी दोन घटका रडत नाही. मात्र टेर्न नावाचा तो प्रचंड काळा ड्रॅगन मला आवडला. तिरसट, बोलायला फटकळ, पण पोरीच्या पाठीशी ठाम उभा राहणारा. एखाद्या जुन्या वाड्यातले थोरले आजोबाच. आणि एक धागा फार चांगला आहे. राज्यकर्त्यांनी इतिहासातून सोयीची नसलेली पाने काढून टाकली आहेत, आणि जे खरे होते ते मुलांच्या परीकथांत शिल्लक राहिले आहे. ही कल्पना प्रेमाच्या गर्दीत थोडी दबून जाते. तिला अधिक जागा मिळायला हवी होती.

आता ज्या पुस्तकासाठी मी या सर्व खटाटोपाचे सार्थक मानते, त्याकडे येते. नाओमी नोविक यांची 'स्पिनिंग सिल्व्हर', साल २०१८. पूर्व युरोपातल्या एका काल्पनिक थंड देशात ही गोष्ट घडते. मिर्यम ही ज्यू सावकाराची मुलगी. बाप इतका भिडस्त की गावभर कर्ज वाटले आणि वसूल काही होत नाही. गावकरी त्याच्याच पैशावर मजेत राहतात आणि त्याच्या घरात आई थंडीने खोकत पडली आहे. शेवटी सोळा वर्षांची मिर्यम वही घेऊन दारोदार वसुलीला निघते. सावकाराला खलनायक करणाऱ्या गोष्टी आपण पुष्कळ वाचल्या. परंतु घेतलेले परत न करणाऱ्यांची लबाडी, आणि ज्याचे देणे आहे त्यालाच जातीवरून हिणवण्याची त्यांची सोय, ही बाजू एवढ्या स्पष्टपणे मी क्वचितच वाचली आहे.

मिर्यम धंद्यात हुशार. आजोबांकडून रुपेरी नाणी उसनी घेऊन, मालाची खरेदी-विक्री करून ती सोने करून परत आणते. रानातून जाताना ती अभिमानाने म्हणते की, मी चांदीचे सोने करू शकते. हिमलोकीचा राजा ते ऐकतो आणि शब्दशः खरे मानतो! तो सहा चांदीची नाणी आणून टाकतो, मग साठ, मग सहाशे. मिर्यम काय करते? त्या अलौकिक चांदीची सोनाराकडून अंगठी, मग गळ्यातले, मग मुकुट घडवून घेते, तो माल सरदाराला विकते आणि आलेले सोने राजापुढे ठेवते. चमत्कार कुठला? हिशेब, धाडस आणि बाजाराची पारख! पापड-मसाल्याचा आपला विभाग चालवणाऱ्या भगिनींनी हा भाग जरूर वाचावा.

या गोष्टीत आणखी दोघीजणी आहेत. एक वांडा, दारुड्या बापाची मुलगी. बापाचे सहा नाण्यांचे कर्ज फेडण्यासाठी ती मिर्यमच्या घरी कामाला येते. मिर्यम तिला आकडे आणि अक्षरे शिकवते, आणि वांडाला तीच जादू वाटते. दुसरी इरिना, सरदाराची दिसायला सामान्य मुलगी. बाप तिला राजकारणासाठी एका राजाला देतो, आणि त्या राजाच्या अंगात अग्निदैत्य वस्ती करून असतो. ती रडत बसत नाही. रात्री जीव कसा वाचवायचा आणि दिवसा राज्य कसे राखायचे, याचा ती विचार करते. तिघी तीन थरांतल्या. तिघींनाही कोणी विचारलेले नाही, आणि तिघी एकमेकींच्या उपयोगी पडतात.

हिमराजा मिर्यमला न विचारता राणी करून घेऊन जातो. येथे मी सावध झाले, कारण हाही जबरदस्तीच करणारा नायक. परंतु लेखिका त्याच्या जबरदस्तीला एकदाही प्रेमाचा मुलामा देत नाही. मिर्यम त्याच्याशी सौदा करते. नवरेपणाच्या हक्काऐवजी रोज रात्री तिच्या पाच प्रश्नांची त्याने उत्तरे द्यायची. ती त्याच्याशी झगडते, त्याच्याशी लढण्याचा डावही रचते. आणि पुढे जेव्हा खरोखर लग्नाची वेळ येते, तेव्हा त्या राजाला तिच्या आईबापांच्या दारात यावे लागते, रीतसर मागणी घालावी लागते, तिच्या धर्माच्या रीतीने लग्नाच्या करारावर आपले नाव लिहावे लागते. पहिल्या वेळी जे हिसकावले, ते दुसऱ्या वेळी विचारून घ्यावे लागते. माझ्या तिसऱ्या प्रश्नाला इतके समाधानकारक उत्तर दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाने दिले नाही. दोष एकच, की सांगणारी पात्रे वरचेवर बदलतात आणि आता कोण बोलते आहे हे ओळखायला वेळ लागतो. दोन प्रकरणे धीर धरावा, मग वाट सापडते.

'नेटल अँड बोन' हे टी. किंगफिशर या टोपणनावाने लिहिणाऱ्या अर्सुला व्हर्नन यांचे पुस्तक, २०२२ सालचे. त्याला २०२३ मध्ये ह्यूगो पारितोषिक मिळाले. आकाराने लहान आहे, परंतु मनातून जात नाही. मारा ही तिसऱ्या क्रमांकाची राजकन्या. वय तीस, मठात राहून भरतकाम करणारी. थोरली बहीण शेजारच्या बलाढ्य राजपुत्राला दिली, ती गेली. मग मधली त्यालाच दिली. मधलीच्या अंगावर वळ आहेत, आणि ती पुन्हापुन्हा गरोदर राहते, कारण पोटात मूल असले म्हणजे तेवढे दिवस तो मारीत नाही. हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. राजपुत्र आणि किल्ला नावापुरते. अशी घरे आपल्याला परकी नाहीत.

बहिणीला सोडवायला मारा निघते. सोबत एक स्मशानातली जादूगार म्हातारी, तिची पछाडलेली कोंबडी, एक वेंधळी परीमावशी, हाडांचा जिवंत केलेला कुत्रा आणि बाजारात स्वतःचा दात मोजून सोडवून आणलेला एक थकलेला योद्धा. त्या योद्ध्याशी तिचे जुळते, पण अगदी हळू, एकमेकांचे ओझे उचलता उचलता. राजे-सरदार हे सगळे पाहत होते आणि राज्याच्या हितासाठी गप्प होते. हालचाल केली ती म्हाताऱ्यांनी आणि मठातल्या बाईने. विनोदही भरपूर आहे. त्या कोंबडीवर तर एखादीने स्वतंत्र भाषण द्यावे.

दोन पुस्तकांविषयी थोडक्यात सांगते. शॅनन चक्रवर्ती यांचे 'द ॲडव्हेंचर्स ऑफ अमीना अल-सिराफी' (२०२३) हे बाराव्या शतकातल्या हिंदी महासागरावरचे. एडन, सोकोत्रा ही नावे आपल्या कोकणच्या बंदरांना परकी नव्हती, त्यामुळे वाचताना समुद्र ओळखीचा वाटतो. अमीना ही निवृत्त झालेली चाचेगिरीण. चाळिशी ओलांडलेली, गुडघ्याने त्रस्त, मुलीची आई. पुन्हा एकदा जहाज हाकायची संधी येते, आणि जावे की मुलीजवळ राहावे, या ओढाताणीत ती सापडते. मूल आहे म्हणून बाईच्या अंगातली हौस मरते, असे लेखिका मानत नाही. आणि हौस आहे म्हणून आई म्हणून ती उणी पडते, असेही म्हणत नाही.

दुसरे एमिली हेन्री यांचे 'बुक लव्हर्स' (२०२२). यात जादू नाही, निव्वळ प्रेमकथा आहे. नोरा ही न्यूयॉर्कमध्ये लेखकांच्या प्रतिनिधीचे काम करते. कामात चोख, म्हणून लोक तिला कोरडी समजतात. बहुतेक प्रेमकथांत असली बाई नायकाची सोडलेली मैत्रीण असते, आणि नायक खेड्यातल्या गोड मुलीकडे जातो. येथे तीच नायिका आहे. तिचे संपादकाशी जमते ते गंमतीने वाचावे. परंतु पुस्तकाचे काळीज आहे ते नोरा आणि तिची धाकटी बहीण यांच्यात. आई गेल्यावर थोरलीने धाकटीला सांभाळले. आता धाकटीला स्वतःच्या पायावर उभे राहायचे आहे, आणि थोरलीला सांभाळायचे थांबवता येत नाही. थोरल्या बहिणींनी हे पुस्तक वाचावे, आणि रुमाल जवळ ठेवावा. शेवटी नोरा पुस्तकांचे काम सोडत नाही, शहरही सोडत नाही. माझ्या दुसऱ्या प्रश्नात ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण.

आता वाचनालयाविषयी. माझी शिफारस अशी : 'स्पिनिंग सिल्व्हर' आणि 'नेटल अँड बोन' आधी घ्यावीत, मग अमीना आणि नोरा. 'फोर्थ विंग' एखाद्या सभासदाने भेट दिल्यास आनंदाने घ्यावे. 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' घ्यायचे तर दोन्ही भाग घ्यावेत, कारण पहिल्या भागावर थांबणारी मुलगी अर्धीच गोष्ट घेऊन घरी जाईल. आणि ते कपाटात कुलूप घालून ठेवू नये. सज्ञान सभासदांना नोंद करून द्यावे. कोंडले जाण्याला नकार देणाऱ्या बाईचे पुस्तक आपण कोंडून ठेवणे शोभणार नाही.

यातली बहुतेक पुस्तके मुली इंग्रजीतून वाचतात, आणि आपल्यापैकी अनेकींना एवढे जाड इंग्रजी पुस्तक झेपत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. महिन्यातून एका दुपारी एखाद्या मुलीने मंडळात येऊन तिच्या आवडत्या पुस्तकाची गोष्ट आपल्याला मराठीत सांगावी. आपण विणकाम हातात घेऊन ऐकू. आणि ऐकून झाल्यावर तिला उपदेश न करता एवढेच विचारू : तुला त्यातला कोण आवडला, आणि तो तिच्याशी जसा वागला, तसा तुझ्याशी कोणी वागलेला तुला चालेल का? हा प्रश्न समोरासमोर विचारला, तर मुली टाळतात. गोष्टीच्या आडून विचारला, तर मनापासून बोलतात. त्यांचे उत्तर ऐकायला आपण तेथे असले पाहिजे, आणि आपल्यालाही त्या हाच प्रश्न विचारतील, याची तयारी ठेवली पाहिजे.

 पहिल्या दुपारसाठी नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत, ही विनंती.